गुलाबाचे सहा पेले

थांब तिथंच, फाटकाच्या आत पाय टाकू नकोस, असं सोनवणे मॅडम ओरडत होत्या, आणि मी डोक्यावर भांड्यांची टोपली, खांद्याला जुन्या कपड्यांचं बोचकं, एक पाय फाटकात नि एक रस्त्यावर अशी उभी, आणि सिडकोतली ती अख्खी गल्ली गॅलरीत येऊन बघायला लागलेली. मॅडमच्या हातात काचेचा पेला होता, मीच दिलेला, तीन जुन्या पँटी नि एका मऊ झालेल्या सुती साडीवर सहा पेले दिले होते, लाल गुलाबाचे. आता त्या पेल्यावर गुलाब नव्हता. देठ होता, एक पान होतं, गुलाब गेला होता. मॅडम म्हणत होत्या, मथुरा, सांग हा गुलाब कुठं गेला, आणि त्यांच्या मागं त्यांची चार वर्षांची नात पदर धरून उभी. गंगेची शपथ घेतली होतीस ना, ह्याच ओट्यावर बसून.

घेतली होती, खोटं कशाला बोलू. मी दिवसातनं वीस वेळा गंगेची शपथ घ्यायची, गोदावरीला गंगाच म्हणणाऱ्या नाशकात राहून माणूस दुसऱ्या कुणाची घेणार, गंगाबाईला माझा आवाज ऐकून कंटाळा आला असंल. पण काय सांगू तुम्हाला, त्यातल्या एकोणीस शपथा धंद्याच्या असायच्या आणि ही एक खरी होती. म्हणून तर ती इतकी लागली.

आधीपासून सांगते, नायतर तुम्ही अर्धवट लिहाल. मी मूळची सटाण्याकडची. माझी आई बोहारीण, जुने कपडे घ्यायचे नि त्यावर भांडी द्यायची, हाच आमचा धंदा. माझा जन्म मालेगावच्या रस्त्यावर झाला, आईनं एका हातानं मला धरलं आणि दुसऱ्या हातानं एका बाईशी सौदा पुरा केला, वर एक जास्तीची साडी काढून घेतली. हे मला मावशीनं सांगितलंय, आणि मावशीपेक्षा मी थोडंच वाढवून सांगते.

आई पितळ, स्टील सगळं विकायची, पण काच घेताना ती सोनाराच्या वर. पेला नखानं वाजवायची, उन्हात धरून फिरवायची, बूड जाड हाय का बघायची, काचेत एखादा बुडबुडा दिसला तर खूश व्हायची, म्हणायची हा आपल्याकडच्या भट्टीतला, घाईत फुंकलेला. आणि रंगाचा पेला कुणी पुढं केला की ओली चिंच नि चुलीतली राख घेऊन त्या फुलावर अशी घासायची की देणारा घामाघूम. मला विचारायची, मथा, या गिलासले रंग काब्र लायेल शे, मांगे काय दपाडेल शे. म्हणजे, ह्याला रंग कशाला लावलाय, मागं काय लपवलंय. मी लहान, मला वाटायचं पेल्याच्या मागं खरंच कुणी लपलंय, मी वाकून बघायची.

बाप लवकर गेला. आई थकली तेव्हा माझा मोठा भाऊ, दादा, त्यानं आम्हाला नाशकात आणलं, पंचवटीत खोली घेतली, माझं लग्न त्यानंच लावून दिलं, मांडवात माझ्यापेक्षा तोच जास्त रडला. लहानपणी सटाण्याच्या उन्हात माझे पाय भाजायचे तर ह्यानं मला पाठीवर घेऊन गावंच्या गावं पालथी घातली, दहा कोस म्हणा, वीस म्हणा, मी मोजायला उतरलेच नाय. पुढं त्यानं भांडी बाजाराच्या मागं एक गोदाम धरलं आणि आम्हा बोहारणींना माल द्यायला लागला. मी दुसऱ्या कुणाकडनं चमचासुद्धा घेतला नाय. घरात विहीर असताना नळावर कोण जातं.

नव्वद सालाच्या आसपास मी सिडको धरली. नवी कॉलनी, नोकरीवाली माणसं, कपडे चांगले निघायचे. माझी हाक अशी की भांडीय म्हटलं की पाथर्डी फाट्यावरची कुत्री उठून बसायची. सोनवणे मॅडम शाळेत शिकवायच्या, लय घासाघीस करायच्या. मी म्हणायची, मॅडम, ही पँट गुडघ्यावर गेलीय, साहेब काय रांगत ऑफिसला जातात का. त्या म्हणायच्या, मथुरा, तुझी जीभ वितळवली तर दोन पातेली निघतील. मग आत जाऊन एक ब्लाऊज जास्तीचा आणायच्या, चहा द्यायच्या, कपात, घरातल्याच. हे लिहा. बोहारणीला घरातला कप कुणी देत नाय, मॅडम द्यायच्या. त्या कपापायी मी त्यांना कधी हलका माल दिला नाय. आमच्या धंद्यात पावती नसते, कागद नसतो, कपडा गेला नि भांडं आलं की उरतो तो शब्द. तो गेला की गल्ली गेली.

दोन हजार सालानंतर लोकांकडं स्टील लय झालं. घरात फ्रीज आले, सोफे आले, पाहुण्याला सरबत काचेतच द्यायचं असं झालं. मॅडम म्हणाल्या, मथुरा, काचेचे पेले आण, पण आपल्याकडं बनलेले आण, आणि नातीला चालतील असे बघ, बाहेरचं कुठलं काय येतं कळत नाही. मी म्हटलं तुम्ही निर्धास्त राहा. गेले दादाकडं. दादानं खोका उघडला आणि आत गुलाब, असे लाल की वास यायचा बाकी होता, वर काठाला सोनेरी रेघ. मी म्हटलं, दादा, आई असती तर चिंच लावली असती. तो हसला. म्हणला, मथे, आईचा जमाना गेला, आता भट्टीत भाजतात रंग, जन्मात निघत नाय. आणि बुडाला चिकटवलेला तिरंगी गोल कागद दाखवला, बघ, आपल्या देशातला माल. मला वाचता येत नाय, पण तीन रंग कळतात. कागद वाकडा लागला होता, प्रत्येक पेल्याला वाकडा, एकाला उजवीकडं, एकाला डावीकडं, आणि तुम्ही हसाल, पण माझी खात्री त्या वाकडेपणानंच झाली. म्हटलं बाहेरच्या देशात मशीन सरळ लावतंय, वाकडं लावणारा हात आपलाच.

हात आपलाच होता, ते पुढं कळलं.

मी चिंच लावली नाय. लावता आली असती, बाजाराच्या तोंडाशी चिंचेची पाटी घेऊन बाई बसते. पण दादाच्या मालाला चिंच लावायची म्हणजे दादालाच लावल्यासारखी. सहा पेले मॅडमना दिले, शपथ घेऊन, आणि त्याच खोक्यातले सहा माझ्या घरी नेले. माझ्या लेकीची पोर पिंकी माझ्याकडंच असायची, लेक नि जावई द्राक्षाच्या मळ्यावर कामाला. पिंकीनं एक पेला आपला ठरवला, त्यातच पाणी, त्यातच दूध, दात येत होते तर काठ चावत बसायची. दादा यायचा, तिला मांडीवर घ्यायचा, पेला स्वतः तिच्या तोंडाला लावायचा. मी त्यालाही गुलाबाच्या पेल्यात पाणी आणायची तर म्हणायचा, मथे, मला तांब्या दे, गुरूनं सांगितलंय काचेला ओठ लावायचा नाय. आणि तांब्या उचलून वरनं घटाघटा प्यायचा, थेंब सांडायचा नाय. मला केवढं कौतुक. मी चार बायांना सांगायची, माझा दादा लय सोवळा झालाय.

तर मॅडमचं फाटक. मॅडम ओरडून दमल्या, मग सावकाश बोलायला लागल्या, आणि ते सावकाश बोलणं ओरडण्याच्या वर लागलं. म्हणाल्या, पोरीला रोज लिंबू सरबत द्यायचे मी ह्यात. परवा बघते तर रंग बोटाला. माझे दीर सातपूरला रंगाच्या कारखान्यात आहेत, त्यांना दाखवला, ते म्हणाले ह्या लाल-पिवळ्या रंगांत शिसं असू शकतं, आंबटानं सुटतं, लहान मुलाच्या पोटात जाता कामा नये. मग मॅडमनी माझ्यापुढं पेला उलटा केला. तिरंगी कागद धुऊन धुऊन सुटला होता आणि खाली दुसरा कागद होता. मॅडम म्हणाल्या, ही अक्षरं आपल्याकडची नाहीत, मथुरा. मला तर कुठलीच अक्षरं कळत नाहीत, पण दोन कागद कळले. वरचा नि खालचा.

मी टोपली उतरवली, म्हटलं मॅडम, गंगेची शपथ. त्या म्हणाल्या, नको. ती परत घेऊ नकोस.

घरी आले. मांडणीवर माझे सहा पेले ओळीनं. राखेनं घासून घासून त्यांच्यावरची फुलं कधी गेली ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं, मला वाटायचं पेले जुने झाले. पाच पेल्यांची फुलं राखेत गेली. सहावा पिंकीचा, त्याच्यावरची सोनेरी रेघही नव्हती, काठ अगदी आरशासारखा. ती रेघ राखेनं गेली नव्हती. मी खाली बसले. पिंकी म्हणाली, आजी, पाणी दे ना माझ्या पेल्यात.

तिथनं उठले ती तडक गोदामात. दादा नव्हता. वहिनी बसली होती, पुढं घमेल्यात पाणी, त्यात पेले उपडे बुडवलेले, एका बाजूला खळीची वाटी नि तिरंगी कागदांची चळत, आणि वहिनी गाणं गुणगुणत एकेक कागद चिकटवतीये, वाकडा. मला बघून खूश झाली. या वन्सं, बसा, दोन हात लागले तर बरंच, माझी बोटं आखडलीत. मी म्हटलं, वहिनी, खालचा कागद का काढत नाय. ती म्हणाली, आहो सगळे कुठं निघतात, जे निघत नाहीत त्याच्यावरच लावते.

दादा आला. मी काय बोलले ते लिहू नका. नुसतं एवढं लिहा की गोदामाच्या पत्र्यावरचे कावळे रामकुंडापर्यंत गेले आणि दोन दिवस परतले नाहीत. दादा खाली मान घालून ऐकत होता. मग डोळ्यांत पाणी आणून म्हणला, कागद लावले, ते कबूल, आपल्या देशाचा म्हटलं की माल उचलला जातो. पण रंगात काय असतं ते मला काय ठाऊक, मथे, मी काय शिकलेला हाय, मीसुद्धा फसलोच की. पिंकी माझी कुणी नाय का.

मी मानलं. काय करता, ज्याच्या पाठीवर बसून जग बघितलं त्याची पाठ खोटी कशी म्हणायची. म्हटलं कागदाचा चोर हाय, पोरीचा वैरी नाय.

मग मी गल्लोगल्ली फिरले. एरवी भांडी द्यायला फिरायची, आता मागायला. बाई, ते गुलाबाचे पेले परत द्या, त्यावर स्टीलचे घ्या. अर्ध्या बायांनी दिले, अर्ध्या म्हणाल्या ह्यात मथुराचा काहीतरी डाव हाय, पेले सोन्याचे निघाले असणार, आणि घट्ट धरून बसल्या. लोकांना खरं सांगायची सवय मला नव्हती नि त्यांना ऐकायची नव्हती. मॅडमनी सगळे दिले, पाच फुलांचे नि एक बिनफुलाचा. स्टील घेतलं नाय. चहाही विचारला नाय.

पिंकीला डॉक्टरकडं नेलं. तो म्हणाला रक्त मुंबईला पाठवून बघता येतं, आता पेला बंद केलाय ना, दूध-भाजी नीट द्या. पोर आता शाळेत जाते. पाढे विसरते. मी तिच्या मास्तरणीला विचारलं, ती म्हणाली पाढे सगळीच पोरं विसरतात. असंल. मी रोज तिचे पाढे घेते, मला स्वतःला येत नाहीत तरी, ती थांबली की परत पहिल्यापासनं म्हणायला लावते.

आता मी माल माझा आणते. फिरोजाबादकडचा, साधा, पाण्यासारखा, रंग नाय, रेघ नाय, बूड जाड. खोक्यावर कारखान्याचं नाव-गाव कुणाकडनं तरी वाचून घेते. चिंच कनवटीलाच असते. बाहेरचं म्हणून वाईट असं मी म्हणत नाय, पण माल वाईट निघाला तर कुणाच्या दारात जाऊन ओरडायचं ते ठाऊक पाहिजे ना. सोनवणे मॅडमच्या फाटकापुढनं जाते, हाक देते, त्या गॅलरीतनं बघतात. देव त्यांच्या नातीला शंभर वर्षं देवो. परवा म्हणाल्या, बरी आहेस का. एवढंच. फाटक लावलेलंच होतं.

ह्या दिवाळीत भाऊबीजेला दादा आला. मी ओवाळलं, लाडू दिला, सवयीनं तांब्या आणायला उठले तर तो म्हणाला, राहू दे, इथलंच पितो, आणि पुढं ठेवलेला काचेचा साधा पेला उचलला नि काठाला ओठ लावून सगळं पाणी प्याला. पिंकी शेजारी बसली होती. मी म्हटलं, दादा, गुरूचं व्रत सुटलं का तुझं. त्यानं पेला खाली ठेवला, मिशी पुसली.

म्हणाला, कसला गुरू, मथे. हा साधाय ना. मी त्या रंगाच्यातनं पीत नव्हतो.