साइटवरची बाई

तानाबाई : तुया साहेबानं माया जागेवर दुसरी बाई बसवली, गजू. मी जित्ती असताना! जे माया नवऱ्यानं कधी केलं नाई, ते या कचेरीवाल्यानं केलं.

गजेंद्र : मावशी, हळू. बाहेर माझ्या क्लासचे पोट्टे टायपिंग करून राह्यले.

तानाबाई : करू दे. मी बोलतो ते बी टाइप करू दे. मिरच्या कुटाव्या तानाबाईनं, मसाला भाजावा तानाबाईनं, अन् कम्प्युटरात नथ घालून बसावं दुसरीनं. कोन्या शाळेत शिकला हा साहेब?

काजल : आत्याबाई, तुम्ही बसा पहिले. गजूभाऊ, ते पान पुन्हा उघडा. नीट पाहू द्या. आंजीहून एस.टी.नं उभ्यानं आलो आम्ही.

गजेंद्र : उघडतो ना वहिनी. पण मतलब समजून घ्या. अख्ख्या जिल्ह्यातून उद्योग कचेरीच्या साहेबांनी मोजके धंदे निवडले. त्यात तुमच्या सासूबाईंचा मसाला. वेबसाइटचा खर्च कचेरीचा, बनवणारा मी. उद्या सोमवारी हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर उद्घाटन. पुण्या-मुंबईचा माणूस घरबसल्या पाहीन, फोन करीन, ऑर्डर देईन. असा चान्स कोणाला भेटते?

तानाबाई : मले कुठी भेटला? तिले भेटला ना. कोन हाये ते?

गजेंद्र : मॉडेल आहे.

काजल : मॉडेल? चित्र मोठं करा बरं. अजून. आत्याबाई, चष्मा लावा.

तानाबाई : (चष्मा लावून, पडद्याला नाक लागेल इतकी वाकून) अवं माय! हे तं प्रमिलाबाई हाये! गजू, हे तुई माय हाये ना रे!

गजेंद्र : मावशी, वेळच नव्हता. साहेब म्हणाले, घरगुती चेहरा पाहिजे. आई घरीच होती.

तानाबाई : अन् मी का गिरडच्या जत्रेत होती?

काजल : खाली काय लिहिलं ते वाचतो मी. "आजीच्या हातची अस्सल चव." गजूभाऊ, मले अजून लेकरू नाई. माया आधी तुमच्या साहेबानंच माया सासूले आजी करून टाकलं.

गजेंद्र : आजी चालते वहिनी. मार्केटमध्ये आजी एकदम हिट आहे.

काजल : "पिढ्यान्‌पिढ्यांच्या संस्कारांतून उतरलेली शुद्ध, सात्त्विक, घरगुती परंपरा."

तानाबाई : सात्त्विक? मटनाचा मसाला हाये रे माया! बोकडाच्या रश्श्यासाठी नेते लोकं. तुया मायनं जल्मात मटनाच्या गंज-भांड्याले हात लावला नाई. तिले दाखवलं का तू, ते कायच्या साइटवर बसली हाये?

गजेंद्र : आईला म्हटलं, पापडाची आहे.

तानाबाई : वा रे लेका! मले फसवलं ते फसवलं, मायलेबी नाई सोडलं.

काजल : पूर्ण पान पाहिलं. आत्याबाईचं नाव कुठंच नाई.

गजेंद्र : टाकत होतो ना. पण "तानाबाई प्रेमदास ताकसांडे" लांब पडते. डिझाइनमध्ये बसत नाही.

काजल : अन् "पिढ्यान्‌पिढ्यांच्या संस्कारांतून उतरलेली" हे बसलं?

गजेंद्र : त्याचा फॉन्ट बारीक आहे.

काजल : मंग ताकसांडे बारीक करा.

गजेंद्र : वहिनी, तुम्ही वकिलावानी बोलता.

काजल : मी बी.ए. झाली, एम.एस.सी.आय.टी. केलं. वाचता येते तेवढंच बोलून राह्यली. अन् हा फोन नंबर कोणाचा?

गजेंद्र : तो... दुकानाचा.

तानाबाई : कोन्या दुकानाचा? तुया बापाच्या? म्हंजे पुन्याचा मानूस फोन करीन तं तो प्रभाकररावाच्या किरान्यात वाजीन?

गजेंद्र : साहेब म्हणाले, मावशीकडे फोन नसेल.

काजल : दिवाळीपासून मोबाईल आहे आमच्या घरी. तुम्ही आंजीले आलते, तवा नंबर तुमच्याच मोबाईलमध्ये टाकून घेतला. आवाज बरोबर येते का म्हणून दोनदा वाजवून पाहिला.

तानाबाई : चेहरा तुया मायचा, फोन तुया बापाचा. मायं काय हाये मंग या साइटवर?

गजेंद्र : मसाला आहे ना मावशी.

तानाबाई : हो रे बावा. तेवढा ठेवला. तो तुमच्या घरच्याइले जमत नाई म्हनून.

काजल : आम्हीच येडे. गजूभाऊ येनार म्हणून अंगण सारवलं. आत्याबाईनं मावशीच्या पोरीच्या लग्नातलं लुगडं काढलं. उन्हात उखळापाशी बसून मिरच्या कुटल्या, शिंका देऊ देऊ. मंग ते फोटो गेले कुठी?

गजेंद्र : आहेत ना. खोटं नाही बोलत, पहिलं पान मी तुमच्याच फोटोचं केलतं. मस्त जमलं होतं. पण मागं भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो येत होता. साहेब म्हणाले, बॅकग्राऊंड साफ करा.

काजल : साफ?

गजेंद्र : त्यांचा शब्द आहे, माझा नाही.

तानाबाई : मंग?

गजेंद्र : मंग मी भिंत कापली. पुन्हा दाखवलं. म्हणाले, आडनाव कशाला, नुसतं तानाबाई बरं वाटते. आडनाव काढलं. मंग म्हणाले, तानाबाई जुनाट वाटते, आजी करा. आजी केली. मंग पुन्हा पाहत बसले बराच वेळ. म्हणाले, बाई बदला.

काजल : पहिले भिंत कापली, मंग आडनाव, मंग नाव, मंग बाईच. अन् तुम्ही कापत गेले. कैची तं तुमच्याच हातात होती ना?

गजेंद्र : माझं बिल त्यांच्या सहीनं निघते वहिनी.

तानाबाई : अन् तो भोंग्याचा ऑटो कोनाच्या सहीनं निघालता? भर बाजारात ऑटोवाला नत्थू साइटचा पत्ता म्हनून तीनदा डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यू वरडला, अन् लोकं माया दारी येऊन पुसाले लागले, का कुस्ती कुठी हाये म्हनून.

गजेंद्र : तो प्रचाराचा भाग आहे. साहेबांचीच आयडिया.

तानाबाई : आंजीत मले कोन नाई वळखत? तिथं भोंगा लावला. अन् जिथं कोनी वळखत नाई, तिथं मले लपवलं. भलताच हुशार साहेब.

गजेंद्र : मावशी, ते वाईट माणूस नाहीत. मसाला चांगला आहे म्हणूनच निवडला त्यांनी. घरी डबा नेला, पुन्हा मागवला. फक्त म्हणाले, फोटो पाहून, नाव पाहून लोक घेणार नाहीत. तुमच्याच भल्यासाठी.

तानाबाई : लोकं म्हंजे कोन?

गजेंद्र : लोक म्हणजे... कस्टमर.

तानाबाई : तुया बापाच्या दुकानात जे लाल तिखट सुटं विकते, ते कोनाचं हाये?

गजेंद्र : तुमचं.

तानाबाई : तुया घरच्या वरनाले फोडनी बसते ते?

गजेंद्र : तुमच्याच तिखटाची.

तानाबाई : कोनी ठसका लागून मेलं काय वर्ध्यात?

गजेंद्र : पण त्यांना माहीत नाही ना मावशी, कोणाच्या हातचं आहे ते!

काजल : ऐकलं, आत्याबाई? खाल्लं तं चालते. माहीत पडाले नाई पाहिजे.

तानाबाई : तुले तं माहीत हाये गजू. तुया माय-बापाले माहीत हाये. मंग तुमी काऊन खाता?

गजेंद्र : आमचं वेगळं आहे. आम्ही तसलं काही मानत नाही.

काजल : तुमची आई आत्याबाईच्या डब्यातलं तिखट घेताना आपला डबा खाली ठेवून मागं सरकते. ते काय, कमर दुखते?

गजेंद्र : आई जुनी आहे वहिनी. पण मनानं नाही मानत.

काजल : अन् साहेब?

गजेंद्र : साहेब तर अजिबात नाही. चौदा एप्रिलला भाषण देतात ते.

तानाबाई : तू मानत नाई. तुया बाप मानत नाई. तुई माय मनानं मानत नाई, फक्त डब्यानं मानते. साहेब तं भाषनच देते. मंग मानते कोन रे? त्याले कोनी पायलं का?

गजेंद्र : मावशी, आता काय करायचं ते सांगा. फाईल आज पाठवायची आहे. तुमचा फोटो टाकला तर साहेब तुमचा धंदाच यादीतून काढतील. मंग ना साइट, ना हॉल. राहू द्या ना सध्या असंच. धंदा जमला की मागून गुपचूप तुमचा फोटो टाकून देतो.

काजल : गुपचूप! आपल्याच मसाल्यात आपन चोरावानी शिरायचं.

तानाबाई : काजल, तू काय म्हन्तं? मिरच्यात आपलं दोघीचं अंग जळते. निर्नय एकटीनं कसा घेऊ?

काजल : मले साइट पाहिजे, आत्याबाई. लय पाहिजे. आयुष्यभर प्रभाकररावाच्या मागच्या दारानं पोतं नाई द्यायचं मले. पन या साइटवर बी ते मागचंच दार हाये.

तानाबाई : झालं तं मंग. गजू, साहेबाले फोन लाव.

गजेंद्र : आज? रविवार आहे मावशी. जेवत असतील.

तानाबाई : बरं हाये. मायंच तिखट खात असन.

गजेंद्र : मी काय सांगू त्यांना?

तानाबाई : तू काई नको सांगू. तू नुसता लाव. नाई लावत तं मी जातो तुया मायकडे. कोन्या साइटवर बसवलं ते तिले सांगतो.

गजेंद्र : लावतो, लावतो... हॅलो, नमस्कार सर. गजेंद्र बोलतो. नाही सर, फाईलचं जरा... आंजीच्या मावशी आल्या आहेत. त्यांना बोलायचं... सर, त्या ऐकत नाहीत... घ्या मावशी.

तानाबाई : हॅलो. नमस्कार, साहेब. जयभीम. मी तानाबाई प्रेमदास ताकसांडे... हो, मसाल्यावाली... नाई, भांडाले नाई केला. एक पुसाचं हाये... हो, गजूनं सांगतलं सगळं. लोकं घेनार नाई म्हन्ता... नाई, तुमी मानत नाई, ते समजलं. गजूबी मानत नाई. त्याच्या घरचेबी मानत नाई... हो, जमाना बदलला... बरोबर हाये तुमचं. मंग साहेब, ज्याइच्यासाठी मायं नाव कापलं, त्यातल्या एका मानसाचं नाव सांगा मले... जास्ती नाई, एकच... कोन्या गावचा हाये तेबी सांगा, मी जाऊन भेटतो त्याले... हॅलो... ऐकू येऊन राह्यलं मले, तुमी हाये तिथंच... सांगा ना साहेब, कोन हाये तो?