नारळ ज्याच्या हातात

त्या दिवशी माझी पार गाळण उडाली होती बघा. हातकणंगल्याकडचं एक गाव. उसाला पाणी आधी कुणाला, यावरून वरची आळी आणि खालची आळी हमरीतुमरीवर आलेली, आणि समेट घडवायला मी. मी नियम घातला, "नारळ ज्याच्या हातात, त्यानंच बोलायचं."

तासाभरानं नारळ वरच्या आळीच्या तापट तात्यांकडं गेला. ते बोलेचनात. उठले, खालच्या आळीच्या पुढाऱ्यासमोर गेले आणि नारळ डोक्यावर उचलला. मी मधे पडायला धावलो.

तात्यांनी नारळ देवळाच्या पायरीवर फोडला. "एक दिस तुमी, एक दिस आमी. ठरलं!"

फोडलेल्या नारळाला नाही कोण म्हणणार? पुढाऱ्यानं खोबरं तोंडात टाकलं.

मी घाबरत म्हटलं, "तात्या, अजून चार मुद्दे..."

"पावणं, नारळ हाय का हातात?"