गेस्टच्या नावाने लिहिलेली ओळ

समारंभाचे अध्यक्ष आणि आपले शाखाव्यवस्थापक माननीय विलास गुप्ते साहेब, मुख्य कार्यालयातून खास वेळ काढून आलेल्या क्षिप्रा दिवेकर मॅडम, आजच्या सत्कारमूर्ती प्रेमलाताई सुर्वे, पहिल्या रांगेत बसलेले त्यांचे यजमान सीतारामभाऊ, आणि तुर्भे कार्यालयातल्या माझ्या बंधुभगिनींनो,

माझ्या आधी पाच वक्ते बोलले. ताईंची बत्तीस वर्षांची नोकरी, त्यांचं मोत्यासारखं अक्षर, एकही पत्र गहाळ न होऊ देणारा त्यांचा आवक-जावक विभाग, सगळं सांगून झालं. शिवाय निम्म्या सभागृहाचं लक्ष मागच्या टेबलावरच्या बटाटेवड्यांकडे आहे, हे मला इथून दिसतंय. ते रास्तच आहे. तरी भांडार विभागातर्फे मी, कृष्णात चौगले, थोडा वेळ घेणार आहे.

दुपारी एक वाजता आम्ही अकराजण एका टेबलावर डबे उघडतो. कोण साहेब, कोण शिपाई, तिथे विचारायचं नाही, हा ताईंचा नियम. त्यांच्या काळ्या वाटाण्याच्या उसळीचा डबा सगळ्यांत आधी फिरतो आणि त्यांच्याकडे परत येईपर्यंत रिकामा होतो. मग त्या इतरांच्या डब्यांतून जेवतात. माझ्या बायकोच्या भाकरीचं कौतुक तिच्या सख्ख्या सासूने केलं नाही, ते ताईंनी केलं. माझी आई इथे नाही म्हणून बोलतोय.

तर सत्त्याण्णव साली आपल्याकडे कॉम्प्युटर एकमेकांना जोडले गेले, आणि ते सांभाळणाऱ्या आपल्या स्वानंदने त्यावर एक नोटीस बोर्ड सुरू केला. ज्याला स्वतःचा पासवर्ड नव्हता त्याने 'गेस्ट' म्हणून आत शिरायचं आणि इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं. पहिला आठवडा कँटीनच्या चहावर गेला. दुसऱ्यापासून बोर्ड माणसांवर घसरला. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं आपण म्हणतो. इथे तर जीभही उचलावी लागत नव्हती. समोर चेहरा नाही, आपलं नाव नाही, मग भीड कसली? नाव नसलं की माणूस मोकळा होतो म्हणतात. होतो, हे खरं. पण आतून काय बाहेर येईल याचा भरवसा त्याचा त्यालाही नसतो.

एका मंगळवारी संध्याकाळी बोर्डावर एक ओळ आली. 'प्रेमलाबाई रोज साडेचारला पळतात. साहेबांची मेहेरनजर फक्त त्यांच्यावरच का?' गेस्ट.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी ती वाचली. ताईंनीही वाचली. त्यांनी स्वानंदकडून टायपिंग समजून घेतलं, एक-एक अक्षर शोधत तासभर बसल्या, आणि त्या ओळीखाली उत्तर लिहिलं. ते मला पाठ आहे.

'मी प्रेमला सुर्वे, आवक-जावक विभाग. मी साडेचारला निघते, त्याची लेखी परवानगी आहे. माझ्या यजमानांना आता फारसं काही आठवत नाही. पाच वाजले की चपला घालून ते परळच्या आमच्या जुन्या खोलीवर जायला निघतात. ती खोली सोडून आम्हाला नऊ वर्षं झाली. ते कोपरखैरण्याच्या घरातून बाहेर पडायच्या आत मला पोचावं लागतं. त्याबदली मी सकाळी साडेआठला येते. कोणाचं काम अडलं असेल तर मला सांगावं.'

ही गोष्ट तोवर त्यांनी कोणालाच सांगितली नव्हती. घरातलं दुखणं चव्हाट्यावर आणायचं नाही, या मताची ती बाई. एका निनावी ओळीने त्यांना ते आणायला लावलं.

सीतारामभाऊ विचारताहेत, निघायचं का. भाऊ, जरा थांबा. आज ताईच तुमच्या शेजारी येऊन बसणार आहेत.

स्वानंद संतापला होता. म्हणाला, "ताई, कुठल्या टेबलावरून लिहिलंय ते मी पाच मिनिटांत काढतो." मी तिथेच रजिस्टर घेऊन उभा होतो. ताई म्हणाल्या, "नको रे. नाव कळलं तर त्याच्याबरोबर जेवायला कशी बसू? घास उतरायचा नाही मला."

स्वानंद म्हणाला, "आणि नाही कळलं तर? सगळ्यांवरच संशय येईल ना?"

"येईल दोन दिवस. मग जाईल. नाव कळलं की ते काही जात नाही." एवढं बोलून त्या पत्रांवर शिक्के मारायला गेल्या.

पुढे काय झालं ते ऐका. त्या उत्तराखाली आणखी ओळी येऊ लागल्या, सगळ्या गेस्टच्याच. कोणी लिहिलं, माझे वडीलही मला ओळखत नाहीत. कोणी लिहिलं, मुलगा बोलत नाही, डॉक्टर झाले, देव झाले. शेजारच्या खुर्चीवर वर्षानुवर्षं बसून आपण जे सांगितलं नाही, ते त्याच निनावीपणाच्या पडद्याआडून बाहेर आलं. त्याला कोणी हसलं नाही. म्हणून त्या पडद्याला सरसकट शिव्या मी घालत नाही. दोष पडद्याचा नव्हता.

दोष माझा होता. ती ओळ मी लिहिली.

ताई मान हलवून नको म्हणताहेत. आज मला बोलू द्या, ताई. मुलीच्या शाळेतल्या पालकसभेसाठी मी अर्धा तास मागितला होता, तो मिळाला नाही. राग साहेबांवर होता, पण साहेबांवर लिहायची छाती गेस्टच्या नावानेही झाली नाही. आम्ही कोल्हापूरकडची माणसं तोंडावर बोलणारी, अशी फुशारकी मारत आलो मी. त्या मंगळवारी एक वाजता तुमची उसळ खाल्ली आणि पाच वाजता ते लिहिलं. दोन वर्षं रोज तुमच्या समोर बसलो. रोज सांगावंसं वाटलं, आणि रोज तुमचं ते घास न उतरण्याचं बोलणं आठवून गप्प राहिलो. खरं सांगायचं तर ते कारण मला सोयीचंही होतं. पण उद्यापासून तुमचा डबा आमच्या टेबलावर नसणार. माझ्यामुळे तुमचं जेवण अडणार नाही. म्हणून नाव आज सांगितलं.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, अध्यक्षांनी वेळ दिला, त्याबद्दल आभार. भाषणात काही कमीजास्त झालं असेल तर ते सभेने पोटात घालावं. त्या ओळीची क्षमा मात्र सभेने द्यायची नाही. ती मी ताईंकडे मागतो. आजच द्या, असं माझं म्हणणं नाही, ताई. पण द्यायची की नाही हे ठरवताना ती कोणाला द्यायची आहे, हे तुम्हाला ठाऊक असावं.