न उचललेला जवळा

आमच्या पुतणीचं ऐका. ती कार्टूनचे सिनेमे करते. दर्यावर गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणाऱ्या कोळणीचा तिचा प्रसंग साहेब कापायला निघाले होते. म्हणे, कोणाला रडू येणार नाही. तिने तो अर्नाळ्याहून मासळी घेऊन येणाऱ्या मावशींना मोबाइलवर दाखवला. मावशींनी डोळ्यांना पदर लावला.

"लाटा आवडल्या ना, मावशी? सहा महिने काढत होते."

"लाटा तं रोजच बगतो आमी. पन दिस बुडला, तरी वालत घातलेला जवला उचलला नाय तिनं. बाईचं भानच गेलंय गो!"

सकाळच्याच चित्रावर संध्याकाळ रंगवताना अंगणातला जवळा पुसायला पुतणी विसरली होती. मावशींचं म्हणणं साहेबांना सांगून तिने प्रसंग वाचवला. आता ती म्हणते, जवळा मुद्दामच ठेवला होता. मी मान डोलावतो. वरिष्ठांच्या अशा मुद्दाम चुका मी नोकरीभर फायलीला लावल्या आहेत.