पांढऱ्या बॉनेटवरचं कुंकू

२०२३ साली बेळगावच्या एका शोरूममध्ये मी भाच्याच्या गाडीची वाट बघत बसले होते. शेजारी निपाणीचे श्रेयांस आणि श्रद्धा, नवराबायको, नव्या गाडीला कोणतं कोटिंग मारायचं ते ठरवत होते.

“सिरॅमिक मारलं की आठवडाभर बॉनेटला काय लावायचं न्हाय म्हणत्यात,” श्रेयांस म्हणाला.

“आणि तुमच्या आजींच्या हातचं कुंकवाचं स्वस्तिक?”

“आठवड्यानं काढंल की.”

“डॉक्टर काय म्हणाले, ऐकलासा न्हवं?”

“असं बोलू नगं गं.”

“आजींच्या हातच्या कुंकवाबिगर आपला ट्रॅक्टर तरी रस्त्यावर आलाय का?”

“कोटिंगबिगर कुंकवाचा डाग बसतोय. पांढरी गाडी तूच हट्टानं घेतलीस.”

“व्हय, घेतली. आता तशीच दवाखान्याच्या दारात न्या. आजींना व्हीलचेअरवरनं मी खाली आणते.”

“हात तरी उचलतोय का तिचा?”

“मी धरते हात. बोट हलतंय त्यांचं.”

पुढच्या वर्षी तिथंच श्रद्धा पुन्हा भेटली. आजी मागच्या वर्षी त्याच आठवड्यात गेल्याचं तिनं सांगितलं. श्रेयांस बॉनेटवरच्या गुलाबी डागाजवळ उभा राहून कारागिराला सांगत होता, “पॉलिश नगं. हाय त्याच्यावरनंच कोटिंग मारा.”