माझं पाऊण मिनिट

...नाही, पण चाळीस माणसं आली कुठून? मला एवढंच सांगा! समुद्राच्या मधोमध खडक, खडकावर दीपगृह, दीपगृहात हा बार्नबी एकटा, आणि पुढे येऊन गातोय काय, तर ‘नाही कोणी, नाही कोणी, मैलोन्‌मैल नाही कोणी’, आणि त्याच्या मागे चाळीस जण टाचा आपटत नाचतायत! अरे, मग हे कोण? पाहुणे? पोहत आले? मग कपडे कोरडे कसे? मी आजूबाजूला बघितलं, म्हटलं, कोणीतरी हसेल, निदान कोणाच्या तरी कपाळाला आठी पडेल... छे! अख्खं थिएटर माना डोलावतंय. सांगा, माझंच काही चुकतंय का?

तुम्हाला सांगतो, हे विचारायचा मला हक्क आहे. ‘बार्नबीचं दीपगृह’ इथे लंडनमध्ये अकरा वर्षं चाललंय आणि अकरा वर्षं मी त्यात क्लॅरिनेट वाजवतोय. आठवड्याला आठ प्रयोग! पण पाहिलं? एकदाही नाही. कसं पाहणार? आम्ही वाजवणारे बसतो रंगमंचाखालच्या खड्ड्यात. वर नाचले की आमच्या डोक्यावर धूळ पडते, तेवढंच काय ते आमच्या वाट्याचं नाटक. दोन गाण्यांच्या मध्ये मी शब्दकोडं सोडवतो. वर हशा झाला, झाला. आपल्याला काय!

पण दुसऱ्या अंकात एक जागा आहे. सगळी वाद्यं थांबतात, आणि पाऊण मिनिट फक्त माझी क्लॅरिनेट. तालमीत आमचे संगीत संचालक, मिस्टर ऑर्मरॉड, म्हणाले होते, ‘सिरिल, राजा, कोणीतरी कायमचं गेलंय असं वाजव.’ माझे वडील त्याच वर्षी गेले होते हो. पहिल्या प्रयोगाला मी त्यांच्यासाठीच वाजवलं. आणि वरून मुसमुसण्याचा आवाज आला! हजार माणसं, एकदम! तेव्हापासून रोज, अकरा वर्षं. डॉरीन, म्हणजे आमची बायको, सोळा वेळा बघून आली. दर वेळी घरी येऊन एकच, ‘अगं बाई, ती जागा! ढसाढसा रडले रे मी!’ मी आपला चहात दूध ओतत म्हणायचो, ‘असू दे गं, असू दे.’

तर मागच्या सोमवारी माझी अक्कलदाढ काढली. डॉक्टर म्हणाला, आठवडाभर फुंकायचं नाव काढायचं नाही. आता आमच्यात रजा घ्यायची तर बदली माणूस आपला आपणच आणायचा, अशी पद्धत आहे. आणि तो आपल्याहून जरा कच्चाच आणायचा, हे काही कोणी शिकवावं लागत नाही! संचालकांना तुलना करायची संधी द्या कशाला? मी ट्रेव्हरला आणला. ट्रेव्हर म्हणजे... माणूस चांगला आहे. मासे छान पकडतो.

डॉरीन म्हणाली, ‘बुधवारी दुपारच्या प्रयोगाला चल की, एकदा बघ तरी!’ म्हटलं, चला, लोक आपल्यामुळे कसे रडतात ते बघून येऊ.

एका बाजूला डॉरीन, दुसऱ्या बाजूला कार्डिफहून बसनं आलेल्या कोणी मिसेस प्रॉसर, त्यांची ही तेविसावी खेप. दर गाण्याआधी मला कोपरानं ढोसतायत, ‘आता बघा हं, आता बघा!’ बघतोय बाई, डोळे आहेत मला! ती रोझालिंड, म्हणजे बार्नबीचं प्रेम बरं का, ती बुडते. बुडते म्हणजे पाण्याखाली जाते, आणि तिथून चार मिनिटं गाते! मी हळूच विचारलं, ‘हिला श्वास कुठून मिळतो?’ मागून ‘श्शऽऽ!’, पुढून ‘श्शऽऽ!’, आणि मग दोघांचंही ‘सॉरी.’ मध्यंतरात सगळे त्या इवल्याशा चमच्यानं आइस्क्रीम खातायत आणि म्हणतायत, ‘किती खरं वाटतं, नाही?’ खरं? वादळात जहाज येतंय, दिवा लावायचाय, आणि हा बाबा काडेपेटी हातात धरून काडेपेटीवर गाणं म्हणतोय! अरे, ओढ ना काडी! सांगा, माझंच काही चुकतंय का?

म्हटलं, जाऊ दे, आपली जागा येऊ दे. आली. बार्नबी दिव्यापाशी बसला, वाद्यं थांबली, मी डोळे मिटले... काही नाही. डोळे उघडले. काहीच नाही! ट्रेव्हर चुकला! पान उलटायचं विसरला की पेंगला, देव जाणे! सगळीकडे चिडीचूप. म्हटलं, संपलं, आता लोक खोकणार, चुळबुळणार...

आणि विंगेतून एक कुत्रा आला.

नाटकात कुत्रा आहे हे मला माहीत होतं हो, आम्हा सगळ्यांपेक्षा मोठी खोली आहे त्याला. पण तो इथे येतो, माझ्या जागेवर, हे अकरा वर्षांत कोणी बोललं नाही! आला, रोझालिंडची टोपी बार्नबीच्या पायाशी ठेवली आणि एक पंजा त्याच्या गुडघ्यावर टेकवला. झालं! हजार माणसं ढसाढसा! मिसेस प्रॉसर तर माझाच रुमाल घेऊन बसल्या. डॉरीन हुंदके देत म्हणाली, ‘हीच रे, हीच ती जागा!’

मी म्हटलं, ‘आणि क्लॅरिनेट?’

‘कुठली क्लॅरिनेट?’

तुम्हाला सांगतो, दाढ काढतानासुद्धा इतकं दुखलं नव्हतं. अकरा वर्षं मी खाली वडिलांना आठवून फुंकतोय, आणि वर लोक कुत्र्यासाठी रडतायत! शेवटी सगळे उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. मी रागानं बसूनच राहिलो. बसून दिसतं काय, तर लोकांच्या पाठी. मग उठलो.

आठवडा संपला, सोमवारी कामावर गेलो, तर ऑर्मरॉडसाहेबांनी मिठीच मारली. ‘सिरिल, राजा! ट्रेव्हरला तिथे गप्प बसवायचं, ही कल्पना तुझीच ना? अरे, दुप्पट रडले लोक!’ आता काय बोलणार? ‘ट्रेव्हर चुकला’ म्हणावं, तर त्या बिचाऱ्याला पुन्हा कोणी बोलावणार नाही. ‘माझीच कल्पना’ म्हणावं, तर माझं पाऊण मिनिट गेलं. शेवटी म्हटलं, ‘सुचलं आपलं...’ त्यांनी तिथल्या तिथे निळ्या पेन्सिलीनं माझ्या पानावर काट मारली. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या वादनाचं कौतुक झालं, तेही न वाजवल्याबद्दल, आणि ते न वाजवणंसुद्धा माझं नाही, ट्रेव्हरचं! सांगा, माझंच काही चुकतंय का?

आता रोज त्या जागी मी क्लॅरिनेट मांडीवर घेऊन गप्प बसतो. वडील आठवतातच. वर सगळे रडतात, खाली मीही रडून घेतो, आवाज न करता. डॉरीनला ही सगळी हकिकत सांगितली, तर परवा ती पुन्हा बघून आली. मी विचारलं, ‘कसं झालं गं आज?’

म्हणाली, ‘छान झालं. पण खरं सांगू का? त्या जागी ट्रेव्हर जितका सुंदर गप्प बसला होता ना, तितकं तुला नाही रे जमत.’

म्हटलं, वाढवतो सराव.