सुभेदाराची केसांची गोळी

— न्हाई सर, चिठ्ठीबिगर ही गोळी मी देत न्हाई. दुसऱ्या मेडिकलात मिळंल, व्हय, मिळंल — पण बसा जरा. गोळी वाईट हाय असं म्हणत न्हाई मी. केस गळायचं थांबतंय, लय जणांस्नी गुण येतोय. आमच्या आकारामाला आलाच की. आकाराम म्हंजे माझ्या वर्गातला, फौजेतनं सुभेदार हून आल्याला. पयली बायको वारली, चव्वेचाळिसाव्या वर्षी दुसरं लगीन ठरलं — संयोगितावहिनी तेरा वर्सांनी ल्हान. टक्कल पडाय लागल्यालं. ह्याच काउंटरला येऊन हळूच म्हणला, कायतरी दे गड्या, तिला म्हातारा नवरा केल्यागत वाटाय नगो. दिली. चिठ्ठी? मैतराला कोण चिठ्ठी मागतंय. घरात कळू द्यायचं न्हाई, एवढी शपथ घातली त्यानं.

तेरा वर्सं खाल्ली. केस टिकलं. वहिनींसंगं औंधला यमाईला जायचा, तर टोपी न घालता, भांग पाडून. खूश असायचा हो. मग लघवीचा तरास सुरू झाला. कराडला नेला, गाडी माझीच हुती. डाक्टरांनी पीएसए काढलं — प्रोस्टेटसाठी रक्त तपासत्यात, ते. आकडा आला साडेतीन. वयाच्या मानानं ठीक हाय म्हणलं. आन् इचारलं, दुसरी कुठली गोळी चालू हाय का? वहिनी शेजारीच बसलेल्या. आकाराम म्हणला, "काय न्हाई."

मी तितंच हुतो, सर. मला ठावं हुतं. ह्या गोळीनं तो आकडा निम्मा दिसतो. रोग असला तर तो असतोयच, आकडा तेवढा कमी दिसतो. गोळी खाणाऱ्याचा आकडा दुप्पट धरायचा असतो — साडेतीनाचं सात. सातला डाक्टर घरी सोडत न्हाईत, पुढं तपासत्यात. मनात आलं, बोलावं. पण शपथ — खरं सांगू? शपथीचं निमित्त. तेरा वर्सं बिनचिठ्ठीची गोळी कुणी दिली असं इचारतील, म्हणून भ्यालो.

दीड वर्सानं कंबर धरली. रानात लचकली असंल म्हणून तेल चोळत बसला, तवर कॅन्सर हाडात गेला हुता. मग त्यानंच डाक्टरांस्नी गोळीचं सांगितलं. त्यांनी जुना रिपोर्ट काढून साडेतीनाच्या म्होरं सात लिवलं. आधी कळलं असतं तर वाचला असता का? छातीठोक कोण सांगणार. पण दीड वर्स हातात हुतं की न्हाई?

तेराव्याच्या दुसऱ्या दिशी वहिनींनी मला बोलावलं. म्हणाल्या, "भाऊजी, मला पयल्या वर्सापासनं ठावं हुतं. तांदळाच्या डब्यात पाकीट घावलं हुतं. त्यांचा मान जाऊ नये म्हणून त्या दिशी कराडला मी गप बसले. माझ्या गप बसण्यानं गेले का हो?"

मी काय बोललो? तसं काय नसतंय वहिनी, म्हणलं. आन् च्या प्यालो. माझं मी सांगितलंच न्हाई. एवढं ओझं एकल्या बाईवर ठेवून आलो मी — चार म्हयनं झालं. रोज सकाळी शटर वर करताना ठरवतो, आज जाऊन सांगायचं. तुमी तर परके, तुमास्नी सांगून बसलो, आन् तिला —

थांबा. रस्ता ओलांडून येत्यात न्हवं, त्याच. बीपीच्या गोळ्या न्यायला. निघा सर तुमी.

या, वहिनी.